कारण : मांजर

ज्या बाईनं गल्लीतल्या एकाही घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, नेमकी तिच्याच अंगणात यंदा पानगळीची पार्टी आली. पाळी घरागणिक फिरायची. झाडं पानं टाकायला लागली की एका शनिवारी सगळ्या गल्लीनं मिळून पानं झाडायची, ढीग लावायचे आणि मग ज्याची पाळी त्याच्या अंगणात जेवायचं. यजमानानं टेबलं मांडायची, ताटल्या द्यायच्या आणि प्रत्येक घरानं आपापल्या घरून एकेक पदार्थ करून आणायचा. त्या शेवटच्या कलमाची बाईनं महिनाभर आधीपासून धास्ती घेतली होती.

बाई अन्न निरीक्षक होती. एकोणीस वर्षं ती हॉटेलांच्या, बेकऱ्यांच्या आणि खानावळींच्या मागच्या दारानं आत शिरत आली होती. फ्रिजच्या दाराच्या रबरात बोट घालून बघायचं, सुरीच्या मुठीचा वास घ्यायचा, टेबलाच्या खालच्या बाजूनं हात फिरवायचा. लोक वरची बाजू पुसतात, खालची बाजू पुसणारा माणूस तिला अजून भेटायचा होता. तिच्या पिशवीत चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे असायचे. हिरवी म्हणजे चालेल, लाल म्हणजे खाऊ नये. लाल चिठ्ठीवर 'कारण' अशी एक ओळ असायची आणि ते कारण दोन-तीन शब्दांत, शेंबड्या पोरालाही कळेल असं लिहायचं हा तिचा दंडक होता. गल्लीनं तिचं नाव 'नाकपुडी' ठेवलं होतं. ते तिला ठाऊक होतं आणि तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. जगाला स्पष्ट दिसावं म्हणून तो दिवसभर खपायचा आणि बायकोला जरा कमी दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं मनातल्या मनात म्हणायचा.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या पार्लरवालीच्या स्वयंपाकघरासमोर उघडायची आणि जरा वाकलं की आजूबाजूच्या घरांचे ओटेही दिसायचे. तिथं उभी राहून बाई भांडी घासायची आणि बघायची. "बघ, बघ, मांजर चढलं ओट्यावर. आता ते पातेल्यात तोंड घालणार आणि ही त्याच पातेल्यात बटाटे कालवणार. शी!" पलीकडच्या घरातले पोस्टमास्तर रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, पण सर्दी काही रिटायर झाली नव्हती. ते सूप ढवळताना त्याच हातानं नाक पुसायचे. "शी!" कोपऱ्यावरची मास्तरीणबाई चमचा चाटून परत भांड्यात घालायची. "शी, शी, शी!" दुसऱ्या घरांत बोलताना लोक श्वास घेतात, या घरात तेवढ्या वेळात एक 'शी' होऊन जायची.

नवरा ऐकायचा आणि सोडून द्यायचा. ऐकून जपून ठेवणारी घरात वेगळीच होती. ती म्हणजे त्यांची नऊ वर्षांची लेक, ठकी.

रविवारी तिघं फिरायला निघायची, कधी तळ्यावर, कधी बागेत, कधी नुसतीच बाजारपेठेत. कुठं खायला बसलं की बाई आधी हात धुवायच्या निमित्तानं आत चक्कर मारून यायची. परत आल्यावर तिनं टेबलावरचा चमचा पालथा ठेवला की समजायचं, इथं खायचं नाही. मग नवरा घड्याळ बघून "अरे, उशीर झाला" म्हणायचा, ठकी आज्ञाधारकपणे उठायची आणि तिघं बाहेर बाकावर बसून घरून आणलेली उकडलेली अंडी खायची. आठ वर्षांत चमचा उताणा राहिला होता तो चार वेळा. ठकीला ते चारही दिवस पाठ होते.

पण लेकराचं वय वाढलं आणि चमच्याचा खेळ अंगाशी आला. ठकी मैत्रिणींच्या वाढदिवसाला आपला डबा घेऊन जायची आणि केकचा तुकडा पुढे आला की हात मागे घ्यायची. एकदा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मेणबत्ती फुंकताना थुंकी उडते ना?" त्यानंतर सात महिने तिला कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही. मधल्या सुट्टीत ती भिंतीपाशी एकटी उभी राहते, हे वर्गशिक्षिकेनं बाईला बोलावून सांगितलं. बाई शाळेतून घरी येईपर्यंत रस्ताभर रडली. घरी आल्यावर आधी तिनं हात धुतले.

पार्लरवालीची पोर ठकीच्याच वर्गात होती. लांब वेणीची, मोठ्यानं हसणारी. पुढच्या रविवारी पार्लरवाली आपल्या पोरीला आणि तिच्या पाच मैत्रिणींना तळ्यावर नेणार होती, दिवसभर, डबे घेऊन. चार मुली ठरल्या होत्या. पाचवी ठरायची होती.

"आई, मला बोलावतील?" ठकीनं पार्टीच्या आदल्या दिवशी विचारलं. तिनं हे विचारताना वर पाहिलं नाही.

"बोलावतील की. उद्या सगळी आपल्याकडेच तर येणार आहेत," बाई म्हणाली. त्या क्षणी तिनं ठरवून टाकलं, उद्या जीभ गेली तरी 'शी' म्हणायचं नाही. पिशवी तिनं कपाटात वर ठेवून दिली. आणि पोरीला आपल्या बाजूचं वाटावं म्हणून तिनं वर एक कामही दिलं. "उद्या पाहुण्यांची जबाबदारी तुझी. माझ्या घरी येऊन कुणाला त्रास व्हायला नको, एवढं बघ."

दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्याचा अर्थ पाण्याचे पेले भरणं आणि खुर्च्या सरकवणं असा झाला असता.

शनिवारी दुपारी सगळी गल्ली खराटे घेऊन बाहेर पडली. रात्री थोडा पाऊस झाला होता. खालची पानं कुजून एकमेकांना चिकटली होती आणि ढीग उचलला की खालून वळवळणाऱ्या अळ्या निघत. त्याच हातांनी लोक घरात गेले आणि त्याच हातांनी पातेली उचलून घेऊन आले. बाई फाटकाशी उभी राहून "या, या" म्हणत होती. तिची नजर प्रत्येकाच्या नखांवर जात होती. पार्लरवालीनं बटाट्याचं सॅलड आणलं होतं. तिच्या बोटांच्या पेरांवर केसांचा काळा रंग मुरलेला होता. पोस्टमास्तर सूप घेऊन आले आणि भांडं टेबलावर ठेवण्यापूर्वी बाजूला तोंड करून शिंकले. बाजूला म्हणजे पाव होते तिकडे. क्रीमच्या वाडग्यावर दोन गांधीलमाश्या बसल्या होत्या, एक वर, एक आत. बाईनं डोळे मिटून हसून दाखवलं.

"चला, आधी पानांचे ढीग उचलू, मग जेवू," नवरा म्हणाला आणि सगळे पुन्हा रस्त्यावर गेले. अंगणात टेबलांपाशी ठकी तेवढी राहिली. आत जाऊन तिनं स्टुलावर चढून कपाटातली पिशवी काढली आणि बाहेर येऊन ती कामाला लागली.

पंधरा मिनिटांनी लोक परत आले. पहिलं वाचलं ते पोस्टमास्तरांनी, कारण चष्मा डोळ्यांवर होता. त्यांच्या सुपावर लाल चिठ्ठी होती आणि ठकीच्या गोल गोल शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : 'कारण : नाक.' मास्तरीणबाईच्या पुलावावर 'कारण : चाटलेला चमचा.' क्रीमवर 'कारण : माशी.' ही चिठ्ठी तरी नवी होती, बाकीच्या सगळ्या त्या खिडकीत तयार झाल्या होत्या. आणि बटाट्याच्या सॅलडवर, मधोमध, टाचणीनं नीट टोचून : 'कारण : मांजर.'

टेबलावर चौदा पदार्थ होते. चौदाही लाल होते.

पानांच्या ढिगातून वाफ येत होती, तिचा कुबट वास अंगणभर पसरला होता. लोक आपापली चिठ्ठी वाचत होते आणि मग शेजाऱ्याची. आणि हे बाईला दिसलं, ज्याची त्यानं वाचली की त्याचा चेहरा पडत होता आणि शेजाऱ्याची वाचली की ओठाचा कोपरा हलत होता. मास्तरीणबाई तर सुपाकडे बघून दोन पावलं मागे सरकली, जणू पोस्टमास्तरांचं नाक तिला आजच कळलं होतं.

ठकी टेबलाच्या टोकाला उभी होती. तिचे गाल लाल झाले होते, कामाच्या आनंदानं. शाबासकी कुणाकडून मिळणार ते तिला माहीत होतं, म्हणून ती आईकडे बघत होती.

"हे कुणी केलं?" पार्लरवालीनं विचारलं. आवाज हलका होता, पण तिनं रंगलेले हात ओढणीखाली घेतले होते. वेणीवाली पोर तिला बिलगून ठकीकडे टक लावून पाहत होती.

बाईला खरं सांगता आलं असतं. 'माझं बोलणं आहे हे, पोरीनं फक्त उतरवून घेतलं,' एवढी एक ओळ. ती जिभेवर आली होती. पण तिला पाचवी जागा दिसली, भिंतीपाशी उभी पोर दिसली, आणि आपली उद्यापासूनची गल्लीतली इज्जतही दिसली. खोटं कशाला बोला, इज्जतच सगळ्यात आधी दिसली.

"अहो, लहान आहे ती," बाई हसत म्हणाली. "कुठून काय शिकते, देव जाणे. शाळेत काहीतरी ऐकत असेल. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. ठकी, माफी माग बघू काकूंची."

नवऱ्यानं मान खाली घातली.

ठकीच्या गालांवरची लाली हळूहळू उतरली. ती काही क्षण आईच्या तोंडाकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "सॉरी, काकू."

"अगं, चालायचंच!" पार्लरवाली म्हणाली, पण जागची हलली नाही. आता पुढचं पाऊल यजमानीणबाईनं टाकायचं होतं, सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. बाईनं चिठ्ठी उपटली, ताटली घेतली आणि सॅलडचे तीन मोठे डाव वाढून घेतले. पहिला घास तोंडात टाकला. मऊ, कोमट, गुळगुळीत. बटाट्याला कसलासा ओशट वास होता आणि दुसऱ्या घासाला जिभेवर केस लागला. आखूड, मऊ, माणसाचा नसलेला. तिनं केस गिळला.

"अप्रतिम!" ती म्हणाली. "कसं केलं हो? मला शिकवा."

अंगणानं श्वास सोडला. कुणीतरी हसलं, पोस्टमास्तरांनी आपल्या सुपावरची चिठ्ठी स्वतःच काढून खिशात टाकली आणि चमच्यांचा आवाज सुरू झाला. लोक जेवले, वाजवीपेक्षा जास्त जेवले, कारण आता न जेवणारा माणूस नजरेत भरला असता. बाईनं सूप प्यायलं, पुलाव खाल्ला, क्रीमसुद्धा खाल्लं. दर घासाला वाहवा केली. जाताना पार्लरवालीनं ठकीच्या डोक्यावर हात ठेवला. "रविवारी येशील ना गं तळ्यावर? पाचवी तूच."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जिंकलो असं तिला वाटलं. मग ती आत गेली, दार लावलं आणि मोरीपाशी घशात बोटं घालून पोट रिकामं केलं. बाहेर आली तेव्हा ठकी दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं टॉवेल पुढे केला.

रविवारी ठकी सकाळी गेली आणि पाच वाजता आली. पाय चिखलानं माखलेले, केसांत वाळकं पान, फ्रॉकवर कसल्याशा सॉसचा डाग. पार्लरवाली दारातूनच म्हणाली, "पोरगी फार गोड आहे हो. सगळं खाल्लं तिनं, मागून मागून खाल्लं." वेणीवालीनं फाटकाबाहेरून हात हलवला आणि ठकीनंही हलवला, हसून, मोठ्यानं काहीतरी ओरडून. असं हसणं बाईनं घरात कधी ऐकलं नव्हतं.

तिनं लेकीचे पाय धुतले, फ्रॉक बदलला. स्वयंपाकघरातलं सगळं लखलखत होतं. पातेल्यात अंडी उकडून तयार होती, तिनं एक सोलून, दोन फोडी करून, मीठ लावून ताटलीत पुढे ठेवलं.

"नको," ठकी म्हणाली.

"दमली असशील. एक तरी खा."

"तुझ्या हातचं नको."

बाई हसली. मग तिला कळलं की हसण्यासारखं काही नाही. पोर रागावलेली नव्हती, रुसलेलीही नव्हती. खानावळीतून उठताना जशी शांतपणे उठायची तशीच ती उठली होती.

"का गं? मी धुतलेत हात," बाई म्हणाली, आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

ठकीनं हातांकडे पाहिलं नाही. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं तसं दिलं.

"मला किळस येते तुझी."

आणि ताटली टेबलावरून हळूच मागे सरकवून ती खिडकीपाशी गेली. समोर पार्लरवालीच्या ओट्यावर मांजर चढलं होतं. ठकीनं काच वाजवून त्याला हाक मारली.