येलवालच्या पानावरचा शब्द

मित्रांनो, मी दोनशे पानांची एक जुनी वही आहे. म्हैसूरच्या विजयनगरात, कापडी पिशव्यांवर छपाई करणाऱ्या घरात राहते. माझ्या पहिल्या वीस पानांवर नुसती बाराखडी आहे. भानुमतीबाई साठाव्या वर्षी सुनेकडून अक्षरे शिकल्या, त्या माझ्यावरच.

पुढे मला मोठे काम मिळाले. त्यांच्या मुलाला, धनुषला, शहराबाहेरच्या येलवालला दुसरे दुकान काढायचे होते. तिथे आधीपासून छपाई कोण करते, कशी करते, हे त्याला हवे होते. फोनवर सगळ्यांचीच दुकाने चांगली दिसतात, असे तो म्हणे. म्हणून भानुमतीबाई बसने जात, लग्नाच्या पिशव्या विचारण्याच्या निमित्ताने दुकानात शिरत, छाप नखाने खरवडून बघत आणि घरी येऊन माझ्यात लिहीत. आईसमोर हेरसुद्धा फिके, असे धनुष म्हणाला की मी फुगून जात असे.

त्याला धाक होता एकट्या नरसिंहमूर्तीचा. मूर्ती यांच्याच कारखान्यात रंग कालवायला शिकला आणि पुढे स्वतःचे काम करू लागला. एके दिवशी भानुमतीबाईंनी लिहिले, 'येलवाल. मूर्ती बंद.'

या घरातल्या मराठीत निम्मे कन्नड असते. कन्नडमध्ये 'बंद' म्हणजे 'आला'. धनुषने ते मराठीत वाचले. मूर्तीचा धंदा बसला असे समजून त्याने गाळा घेतला, यंत्र नेले.

नव्या दुकानाच्या पूजेच्या दिवशी समोरचे नवे शटर वर गेले. मूर्ती नारळ घेऊन आला, भानुमतीबाईंच्या पाया पडला, आता शेजार झाला म्हणाला.

तो गेल्यावर धनुषने मला आईपुढे धरले. "तूच लिहिलंस ना, बंद?"

"हौ रे. बंद. आला म्हणून."

तो हसायला गेला, पण हसू फुटले नाही. भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, "शिकले नसते, तर तोंडानंच सांगितलं असतं."

मूर्तीचा रंग पक्का. गिऱ्हाईक तिकडेच वळले आणि सहा महिन्यांत यंत्र परत आले. मी कपाटावर गेले. दोन अर्थ पोटात घेऊन गप्प बसले, याची मला अजून लाज वाटते. त्या बाईंनी नंतर एकही ओळ लिहिली नाही, याची त्याहून जास्त.

मित्रांनो, वही जपून ठेवा. पण तिच्यावर भरवसा टाकण्याआधी लिहिणाऱ्या माणसाला एकदा विचारा. ते माणूस बहुधा शेजारच्या खोलीतच असते.

काल भानुमतीबाईंनी मला खाली काढले, पदराने पुसले आणि त्या शब्दापुढे 'आला' असे लिहिले. ओळीत जागा होती. तेव्हाही होती.