छकुलीचा गप्प चार्जर

मित्रांनो, मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. चार सॉकेट, चार बटणं, एक लाल दिवा आणि शेपटीसारखी वायर, एवढाच माझा संसार. कारखान्यात ज्या बाईंनी माझे स्क्रू आवळले, त्यांचा हात असा पक्का होता की अजून माझा एकही स्क्रू ढिला नाही. ही बढाई नाही, आणि असली तरी खरी आहे.

उमेदीची वर्षं मी केस कापण्याच्या दुकानात काढली. दिवसभर गप्पा ऐकून मलाही बोलायची खोड लागली. ते दुकान बंद झालं तेव्हा बस दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने मला घरी नेलं. त्यांना घरात बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिथले भिंतीवरचे सॉकेट म्हातारे झालेले, पिन धरेनात; माझी जाड पिन तेवढी घट्ट बसायची. आईचं शिलाईचं मशीन, दादाचा कॉम्प्युटर, छकुलीचा मोबाइल, सगळ्यांची मदार माझ्यावर. मला फार भाव होता.

इंटरनेट म्हणजे काय, ते मला कळत नाही. पण कोणाला त्याची किती भूक आहे, ते माझ्याइतकं कोणाला कळणार? दादा अकरावीत. घरी आला की गेम सुरू. तो ओरडायचा, टेबलावर मुठी आपटायचा, हरला की माझ्या बटणावर राग काढायचा. अख्ख्या मजल्याला कळायचं. त्याची धाकटी बहीण छकुली नववीत. ती कोपऱ्यात बसून बोटाने पडदा सरकवत राहायची, हूं नाही की चूं नाही. स्वतःचा फोटो टाकायची, कोण काय म्हणतं ते पाहत बसायची आणि मग तो काढून टाकायची. तिचा चार्जर माझ्यातून निघतच नसे. शेजारच्या काकूंना आई कौतुकाने सांगायची, "पोरगी शहाणी आहे हो. या दादाचंच काय करावं कळत नाही."

त्या शहाण्या पोरीने पोहायला जाणं सोडलं होतं. "कंटाळा आला," एवढंच ती म्हणाली आणि घराने ते मान्य केलं. शाळेच्या संघाची निवड रविवारी होती. एके काळी पाण्यातून बाहेर यायला तयार नसणारी ही मुलगी तिथे जाणार नव्हती.

त्याच आठवड्यात हाका मारून मारून आईचा घसा बसला, तरी दादा जेवायला उठला नाही. बाबांचा पारा चढला. त्यांनी मला उचललं आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. "आता ज्याला वीज हवी, त्याने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घ्यायची," ते म्हणाले. दादा थोडा वेळ फुरंगटून बसला, मग चेंडू घेऊन खाली मित्रांकडे गेला. औषध लागू पडलं, असं बाबांना वाटलं.

छकुली मात्र माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मोबाइलची वायर तोकडी, बसायला जागा नाही, तरी ओट्याला टेकून ती उभीच. पाय अवघडले की नुसता भार बदलायची. माझ्यामागोमाग आईचं मशीनही स्वयंपाकघरात आलं होतं. शिवता शिवता आईने मान वर केली, थोड्या वेळाने पुन्हा केली.

"किती वेळ उभी आहेस गं?"

"दोनच मिनिटं."

"माझ्या दोन्ही बाह्या शिवून झाल्या."

आईने मोबाइल हिसकावला नाही. मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय होतंय तुला?" छकुलीने बोटाने आणखी दोन-चार फोटो सरकवले. मग म्हणाली, "आई, मी पोहायच्या कपड्यांत वाईट दिसते ना?" आणि तिने मोबाइल पुढे केला. बारीक कमरेच्या मुलींचे फोटो, एकापाठोपाठ एक. आई एकेक फोटो पाहू लागली. तेवढ्यात दादा पाणी प्यायला आला आणि मागून डोकावला.

"अगं, फोटोत हिच्या मागचं हे दार बघ. हिच्या कमरेपाशी चौकटच वाकलीय. कंबर आत ओढताना दारही ओढलं गेलं. गेममधली माणसं आम्ही अशीच बनवतो."

छकुली हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. माझा लाल दिवा त्या वेळी मिणमिणला, पण तो काही विजेचा दोष नव्हता. आई म्हणाली, "पोहायचा पोशाख आण बघू. अंग वाढलंय, घट्ट होत असेल. बाजूने पट्टी घालून देते."

रविवारी ती गेली. मोबाइल माझ्याजवळ सकाळभर थरथरत राहिला. ती ओल्या केसांनी परत आली. संघात घ्यायच्या होत्या तिघी आणि ती आली चौथी. "सराव सुटला होता ना," असं म्हणून ती ताटावर बसली. तिने मागून मागून वाढून घेतलं आणि दादाच्या ताटातलंही उचललं. संध्याकाळी ती पुन्हा माझ्यापाशी उभी होती, खोटं कशाला सांगू? सवय अशी एका दिवसात सुटत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि पोहायला गेली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, सगळे मुलगे असे आणि सगळ्या मुली तशा, असं मी म्हणणार नाही. मी एकच घर पाहिलंय. पण ज्याचा आवाज होतो त्यालाच सगळे रागावतात आणि बरं करू पाहतात. तुमच्या घरात कोणी फार गप्प, फार शहाणं झालं असेल, तर त्याच्याजवळ जा. काय झालं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.