मरोद्यातल्या मोडेमवरचा संशय

सकाळी नऊ वाजता माझा हिरवा दिवा स्थिर झाला, पण संगणकावर इंटरनेट आलं नाही. अकरा वाजता साक्षीची नोकरीची मुलाखत होती आणि ती याच संगणकावरून द्यायची होती.

मित्रांनो, मी मोडेम आहे, आणि नवा नाही. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट संगणकापर्यंत पोचवणं एवढंच माझं काम. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. भिलाईत आधी एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात होतो. तिथे पाहुण्यांना माझा वेग कौतुकाने दाखवत. मग नवं यंत्र आलं आणि मी जुन्या चार्जरांसोबत कपाटात पडलो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मरोद्यात धोंडबांच्या घरी आलो तेव्हा अंगभर धूळ होती. त्यांच्या मुलीने, साक्षीने, ती ब्रशने काढली. मागच्या भोकात टाचणी दाबून माझ्यातल्या जुन्या नोंदीही पुसल्या.

धोंडबा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला संशय संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर होता, कारण साक्षीने ती विकत घेतलेली नव्हती.

"फुकट कावून देऊन राहिले ते? पाहत असतील आपल्या घरातलं."

"पाहाले आहे काय आपल्या घरात? तुमचं बनियन?" त्यांची बायको ललिता म्हणाली.

दुसरा संशय शेजारच्या केवलरामांवर. त्यांची तार आमच्याच खांबावरून जाते. धोंडबांनी व्हरांड्यातून त्यांना विचारलं की आमचं इंटरनेट तुमच्याकडे तर येत नाही ना. केवलरामांनी दार लावून घेतलं.

मग माझी पाळी. मला काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. दिवा स्थिरच, म्हणजे तार ठीक. तरी संगणक सांगत होता की पलीकडून कोणी उत्तर देत नाही. साक्षीने मला कपाळाला लावून डोळे मिटले.

शेवटचा संशय टेलिफोन कार्यालयावर. जोडणीसाठी माझ्यात भरायचे आकडे त्यांनीच सकाळी धोंडबांना फोनवर दिले होते. धोंडबांनी पुन्हा फोन लावला आणि हिंदीत सुनावलं, "आपने जीरो और पैंतीस बोला था न? वही डाला है."

साक्षीने मान वर केली. "बाबा, पैंतीस? तुम्ही तर पच्चीस म्हणाले."

"पस्तीस म्हणलो मी."

"पस्तीस मतलब पैंतीस?"

घरात मराठीच, हा धोंडबांचा नियम. हिंदीत ऐकलेला आकडा त्यांनी मराठी करून सांगितला होता. हिंदी शाळेत शिकलेल्या साक्षीने तो पच्चीस ऐकला आणि माझ्यात पंचवीस भरला.

"पोरीले हिंदी शाळेत घाला, अन् आकडे मराठीत सांगा," ललिता म्हणाली.

आकडा बदलला, इंटरनेट आलं, मुलाखत झाली. केवलरामांकडे मात्र अजून कोणी गेलेलं नाही.

मित्रांनो, यंत्राला झटकण्याआधी, शेजाऱ्याला विचारण्याआधी, ज्याने आकडा सांगितला त्याच्यासमोर तो एकदा मोठ्याने वाचा. आम्हाला जे दिलं जातं, तेच आम्ही पाळतो.

मुलाखतीचं उत्तर मेलवर येणार आहे. लिनक्सवरचा संशय गेलेला नाही. साक्षी बाहेर पडली की धोंडबा माझं भिंतीवरचं बटण बंद करतात. आज ती आईसोबत जामुलला गेली आहे. दुपारपासून मी बंद आहे. उत्तर आलं आहे की नाही, हे या घरात कोणालाच माहीत नाही.