कोरडी भिंत

आमच्या ह्यांच्या हातांना कुलूप लावायची सोय असती ना, तर लावून किल्ली गटारात फेकून दिली असती मी. गवंडी आहेत हे. चांगले गवंडी आहेत, आणि तिथंच आमचं घोडं पेंड खातं.

या शहरात आम्हाला परवडणारं घर म्हणजे काहीतरी बिघडलेलं घर. बिघडलेलं असतं म्हणून तर ते आमच्यापर्यंत येतं. आणि मिळालं रे मिळालं की ह्यांच्या हाताला खाज सुटते. पहिल्या घरात न्हाणीचं पाणी बाहेरच्या खोलीत यायचं. ह्यांनी फरशी उखडून नीट उतार दिला. मालक आला, चपला काढून त्या फरशीवर येरझाऱ्या घातल्या, "वा वा, हातात जादू आहे हो तुमच्या," म्हणाला, आणि लगेच त्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं. मग पुतण्याला घर नको? दुसऱ्या घरात स्वयंपाकाचा ओटा खचलेला होता. तो ह्यांनी नवा बांधून दिला. त्यावर आता दुसरीच कुणी बाई स्वयंपाक करते. देव तिचं भलं करो. मेलीला एकदा तरी चटका बसो.

त्यानंतर घर शोधताना जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. गवंडी म्हटलं की लोक म्हणायचे, घरात सिमेंटची पोती ठेवाल. मी कपडे अल्टर करते म्हटलं की विचारायचे, मशीनचा आवाज होतो का? आणि त्यातच सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आजारी माणूस म्हटल्यावर तर दारं धडाधड बंद. शेवटी एका एजंटनं हे घर दाखवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आतल्या खोलीची एक अख्खी भिंत ओलीनं काळी पडलेली. ह्यांनी आणि त्यांच्या मुकादमानं आईंना खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक पायरीला त्या कळवळत होत्या. डॉक्टरांनी बजावलं, आता हाड जुळेपर्यंत यांना हलवायचं नाही. पुन्हा धक्का बसला तर कायमच्या अंथरुणाला खिळतील.

त्याच दिवशी मी ह्यांना आईंच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. या घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही.

पण खाट मावायची ती त्या भिंतीलाच. दुसरीकडे जागाच नव्हती. आईंना खोकला लागला. मी अल्टर केलेले कपडे दुकानात पोचवून आले की त्यांच्या पाठीखालची चादर दमट लागायची. आणि एक दिवस येऊन बघते तर काय, भिंत विटांपर्यंत खरवडलेली, आणि आई खाटेसकट खोलीच्या मधोमध!

"मीच सांगितलं त्याला," आई म्हणाल्या. "त्याला बोलू नकोस."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा सासूला असं बोलले. पण खरवडलेली भिंत काय परत चिकटवणार होते? हे वरच्या बिऱ्हाडात जाऊन त्यांचा गळका पाइप बसवून आले, भिंत सुकू दिली, मग गिलावा केला, रंग दिला. अशी भिंत झाली की काय सांगू! कुठं उंचवटा नाही, कुठं खळगा नाही. आई झोपल्या झोपल्या तिच्यावरून तळवा फिरवायच्या. खोकला थांबला. मीही म्हटलं, जाऊ दे, मालकीणबाई कशाला येतेय बघायला.

आणि रविवारी जेवणं आटोपली तोच एजंटचा फोन. "मालकीणबाई एक पार्टी घेऊन निघाल्यात. जास्त भाडं द्यायला तयार आहेत ते. पण वहिनी, तुम्ही बिनधास्त राहा. ती ओली भिंत बघून कुणी घर घेतंय होय? पार्टी पळाली की तुमचा करार पुढच्या वर्षासाठी करून टाकतो."

मी ह्यांना सांगितलं.

"तोडा," मी म्हटलं.

"काय?"

"भिंत तोडा म्हणतेय. उठा!"

"माझ्याच्यानं नाही होणार," ते म्हणाले. "दुसरं काहीही सांग."

"दुसरं काय सांगू? आईंना खुर्चीत घालून रस्त्यावर नेऊन बसवू?" माझा आवाज चिरकला. मी पिशवीतून हातोडा काढला आणि भिंतीवर हाणला. भिंत इतकी घट्ट की नुसता टवका उडाला. पुन्हा हाणला. रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते मला माहीत नाही. ह्यांनी मागून येऊन माझा हात धरला. मला वाटलं, आता अडवतात.

"अशी ताजी तोडफोड लगेच ओळखू येते," ते म्हणाले. "बाजूला हो. कोरा चहा उकळायला ठेव, भरपूर पावडर घालून."

आईंच्या अंगावर मी दोन चादरी घातल्या. ह्यांनी छन्नीनं रंगाचे पोपडे काढले, अगदी जुने वाटावेत असे. मग तांब्यानं पाणी मारलं, वरून फडक्यानं चहाचे डाग दिले, चुलीची असते तशी काजळी हवी होती म्हणून कागद जाळून त्याची राख चोळली. मन लावून करत होते हो. तेवढंच मला बघवेना.

दाराची बेल वाजली तेव्हा मी फरशी पुसत होते. मालकीणबाई, एजंट आणि एक नवरा-बायको आत आले. त्या बायकोनं भिंत बघून नाकाला पदर लावला. "आई गं! इथं माणसं राहतात?"

तिचा नवरा ह्यांच्या अंगावरचे सिमेंटचे डाग बघत होता. "तुम्ही काय करता?"

ह्यांच्या आधी एजंटच बोलला, "गवंडी आहेत साहेब." बोलून गेला आणि जीभ चावली.

मालकीणबाई गर्रकन वळली. "गवंडी? मग एवढी भिंत नाही होत तुमच्यानं दुरुस्त? करून द्या की. सामान मी देते. महिनाभर थांबाल ना हो तुम्ही?" तिनं त्या नवऱ्याला विचारलं. तो थांबतो म्हणाला.

ह्यांना खोटं बोलायची सवय नाही, आणि त्यातून कामाबद्दल! त्यांचे ओठ हलले, आणि मला दिसलं की हे आता हो म्हणणार.

"तो कसला गवंडी?" आई खाटेवरून म्हणाल्या.

सगळे तिकडे बघायला लागले.

"घमेली उचलतो नुसती. थापी धरता येत नाही त्याला. बाप होता गवंडी. हा लहानपणापासून असाच, हाताला गुणच नाही. मागच्या घरात भिंतीला हात लावला आणि अर्धी भिंत पाडून बसला. विचारा सुनेला."

मालकीणबाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हे खाली मान घालून उभे होते. त्यांच्या नखांत अजून त्याच भिंतीचा रंग होता.

"खरंय का हो?" त्या नवऱ्यानं विचारलं.

"हो," हे म्हणाले. "मला नाही जमत."

पार्टी जिना उतरून गेली. मालकीणबाई दारात थांबून म्हणाली, "राहा तुम्हीच, काय करणार. पण भिंतीला हात लावू नका बरं का, आणखी वाट लावाल."

दार लागलं. घर राहिलं. मी आईंच्या अंगावरची चादर बदलायला गेले, तर त्या तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होत्या. बाहेर जिन्यात मालकीणबाईची पावलं वाजत होती. आई हातानं खुणावत होत्या, त्याला इकडे पाठव, त्याला इकडे पाठव. पण हे काही मागे वळले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांची पाठ गदगदत होती.