भागोजीचा सांधा

मुरूडच्या कोळीवाड्यात भागोजीचा सांधा म्हणजे सांधा. त्याने दोन फळ्या भिडवल्या की मधून केस शिरायचा नाही, आणि हे तो स्वतःच सांगत फिरायचा, कुणी विचारो न विचारो. नवी होडी पाण्यात उतरली की मालकाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हितनं थेंब शिरला तर माझ्या नावाचं कुत्रं पाळ!" माणूस हाताचा सोन्यासारखा, पण त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं की संपलंच. मग तो मागचापुढचा विचार करायचा नाही, आई-बाप काढायचा, आणि त्या माणसाशी वर्ष वर्ष बोलायचा नाही.

त्या वर्षी पाऊस सरता सरता म्हसळ्याच्या वाटेवरच्या डोंगरात बिबळ्या माजला. पहिली गेली नीराबाई. बिचारी बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन वरच्या वाड्यांवर विकायला जायची. वाटेत पाटी सापडली, बोंबील विखुरलेले सापडले, नीराबाईचं मात्र जे सापडलं ते चुंबळीच्या फडक्यात बांधून खाली आणलं. पुढे एक लाकूडतोड्या गेला. मग ओटीवर आईच्या कुशीत झोपलेलं पोर गेलं, आणि माणसं दिवसाउजेडी कड्या लावून बसायला लागली.

आणि तो बिबळ्याही कसला बेरकी! बकरी बांधली तर तिच्याकडे ढुंकून बघेना. मचाणाच्या आसपास फिरकेना. फक्त सूर्य बुडायच्या वेळी घळीपलीकडच्या कातळावर येऊन बसायचा आणि अलीकडच्या वाडीकडे बघत राहायचा, जणू घरमालकच. अलीकडून साध्या बंदुकीने तो टप्पा गाठणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

जमलं असतं ते मुश्ताकमियाँच्या बंदुकीला. मियाँ झांजिबारला व्यापार करून म्हातारपणी गावी परतले होते, नारळी-पोफळीची वाडी राखून होते, आणि येताना त्यांनी जर्मन रायफल आणली होती. तिच्या पाठीवर दुर्बीण. दुर्बिणीत डोळा घातला की पद्मदुर्गाच्या तटावरचा कावळा चोच पुसताना दिसायचा. पण पडावातून उतरवताना पेटी धक्क्याच्या पायरीवर आपटली. दुर्बीण वाचली, नळीखालचं लाकूड मात्र उभं चिरलं, आणि बंदूक तेव्हापासून पडून होती.

"मुंबईला पाठवतो," मियाँ म्हणाले. "तिथे बंदुकवाला आहे. दिवाळीपर्यंत येईल."

"तवर वाघ काय उपास करनार हाय?" भागोजी म्हणाला. "लाकूडच हाय ना मियाँ? मंग मुंबई कशाला? मी काय मेलो?"

दोघं लहानपणापासूनचे दोस्त. मियाँनी बंदूक दिली. भागोजीने जुना शिसवीचा तुकडा काढला, नळीच्या मापाने पन्हळ कोरली, पुन्हा पुन्हा बसवून बघितली, घासली, परत बसवली. शेवटी नळी त्या लाकडात अशी बसली की हलायला जागा नाही. मियाँनी त्यावरून अंगठा फिरवला आणि नुसतं "वाहवा" म्हणाले.

"केस घालून बघा," भागोजी म्हणाला.

एवढा जीव ओतायला कारण होतं. मियाँच्या शिकारीत पुढे चालायचा तो भागोजीचा एकुलता एक पोरगा, कान्हा. गोळी खाऊन जनावर जाळीत शिरलं तर मागावर पहिला पाय कान्हाचा, हे ठरलेलं होतं. कान्हाची बायको तुळशी पोटुशी होती. भागोजीने आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, पण आता रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून म्हणायचा, गोळी नीट लागू दे, एकाच गोळीत वाघ पडू दे.

पण कसलं काय! बंदुकीचा नेमच जुळेना.

पुळणीवर, सुरूच्या झाडांपुढे, जुन्या शिडाच्या कापडावर डांबराचा ठिपका काढून मियाँ पालथे पडले. पहिली गोळी ठिपक्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी किंचित वर. तिसरी आणखी वर, डावीकडे. मियाँनी दुर्बिणीवरची चकती फिरवली, ठिपका परत गाठला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात येऊन बघतात तर गोळ्या भलतीकडेच. दुपारी कडक उन्हात परत तिसरीकडे. काल जुळवलेलं आज बिनसायचं.

"दुर्बिणीची बैठक सैल असनार," भागोजी म्हणाला आणि कामाला लागला. तिचे स्क्रू पिळून बसवले. होडीच्या तळाचा तांब्याचा पत्रा पातळ ठोकून बैठकीखाली सारला. भिंगावर वाफ धरते म्हणून रोज ऊन दाखवलं, कडेला राळ भरली. हरेक वेळी पहिली गोळी बघून जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या गोळ्यांनी परत तोंडचं पाणी पळायचं.

बघ्यांत एक रामचंद्र हवालदार होता. बसऱ्याच्या लढाईवरून आलेला, कमी बोलणारा. तो पुढे होऊन म्हणाला, "मियाँसाहेब, दुर्बीण उतरवा आणि नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवरून नेम धरून मारा. तरी गोळ्या फिरल्या तर दुर्बिणीचा दोष नाही."

मियाँनी उतरवली. गोळ्या तरीही फिरल्या.

"माझी नजर, हवालदार," मियाँ ओशाळून हसले. "ती माशी मला आता दिसते कुठे? एवढ्यावरून दुर्बीण निर्दोष कशी ठरवायची?"

रामचंद्राने बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली. खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला आणि नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सारायला लागला. कपटा शिरेना.

"लाकूड कुणी बसवलं?"

"मी," भागोजी छाती काढून म्हणाला.

"इथे फट लागते. नळीखालून कागद सरळ फिरला पाहिजे. नळी तापली की फुगते, लाकूड दमटलं की फुगतं, आणि मग ते नळीला ढकलतं. पलटणीत आम्ही—"

झालं! भागोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फट? माझ्या कामात फट ठिवू? आरं, जल्मभर मी फटी बुजवल्या, आनि तू मला फट ठिवायला शिकवतोस? पलटनीत बंदुका उचलल्या म्हंजी सुतार झालास व्हय रं? आदी एक पाट तरी करून दाखव नि मंग ये!"

लोक हसले. रामचंद्राने कपटा खिशात घातला. "मी सांगायचं ते सांगितलं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मियाँना खरं तर त्याला थांबवायचं होतं, पण भागोजीकडे एकदा बघून ते गप्प राहिले. इतक्या वर्षांची दोस्ती, चारचौघांत त्याला खाली कोण बघायला लावणार?

त्या संध्याकाळी कान्हाने बंदूक पुसायला घरी आणली होती. ओटीवर बसून बराच वेळ तेल-फडकं चाललं होतं. भागोजी आत जेवत होता.

"बाबा," कान्हाने बाहेरून हाक मारली, "नळीखालनं जरा पॉलिसकागद फिरवून बगायचा काय?"

भागोजीने घास ताटात टाकला. "तूबी? त्या शिपुर्ड्याचं ऐकून तूबी बापाला शिकवनार? एवडं हाय तर जा, त्यालाच बाप म्हन!"

"न्हाय हो," कान्हा हसला. "सहज म्हटलं. जेवा तुमी."

दसरा झाला आणि वरच्या वाडीतून पुन्हा सांगावा आला: पाण्याला गेलेली एक बाई परत आली नव्हती. आता थांबणं शक्य नव्हतं. मियाँनी शेवटचा नेम जुळवला, पहिली गोळी बरोबर जातेय ना, मग एकच तर मारायचीय, असं स्वतःला आणि सगळ्यांना समजावलं. सकाळी मियाँ आणि कान्हा निघाले. भागोजी वाडीपर्यंत गेला. त्याला घरी राहवेना.

त्या दिवशी हवा अशी कुंद होती की अंगावरचं धोतर आपोआप ओलं व्हावं. दुपारभर ते घळीच्या कडेला गवतात पडून होते, बंदूक अंगाशी, तिच्या लाकडावर ओल धरलेली. होडीचं लाकूड पाण्यात पडलं की फुगतं आणि सांधे आणखी घट्ट बसतात, ही भागोजीची सगळ्यात आवडती गोष्ट. येईल जाईल त्याला तो ती समजावून सांगायचा. त्या दिवशी तिची त्याला आठवण झाली नाही.

सूर्य बुडता बुडता बिबळ्या कातळावर आला. मियाँनी डोळा लावला, श्वास धरला, घोडा दाबला. जनावर उसळलं, स्वतःच्याच पोटाला चावायला जावं तसं गरगरलं आणि खाली करवंदीच्या जाळीत पडलं. खांद्यामागे नेम धरला होता. गोळी पार मागे, पोटात लागली होती.

रात्रभर वाडीतली माणसं आगटी पेटवून बसली. जाळीखालूनच पाणवठ्याची वाट जात होती. जखमी बिबळ्या तिथे ठेवून घरी जाणं मियाँच्या धर्मात बसत नव्हतं, आणि कान्हाच्याही.

उजाडल्यावर कान्हा कोयता घेऊन पुढे झाला. मागे मियाँ. भागोजी बांधावर उभा होता. त्याला हाक मारायची होती, "मागं फिर रं," पण शिकाऱ्याला मागून हाक मारू नये म्हणून त्याने ओठ आवळले. जाळीतून आवाज झाला आणि सगळं एकदमच घडलं. बिबळ्या समोरून नाही, बाजूने आला. कान्हा आणि तो एकमेकांत असे गुंतले की मियाँना गोळी घालता येईना. ते नुसते "या अल्ला, या अल्ला" म्हणून ओरडत राहिले. शेवटी नळी जनावराच्या कानाला लावून त्यांनी गोळी घातली तेव्हा कान्हाचा गळा उरला नव्हता.

भागोजी पोहोचला. त्याने पोराचं डोकं मांडीवर घेतलं. मियाँ शेजारी बसले, हात पुढे केला. भागोजीने तो झिडकारला.

"तुमी मारलात," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "वाघानं न्हाय, तुमच्या थरथरत्या हातानं मारला माझा कान्हा. दिसत न्हाय तर बंदूक कशाला धरता? मरा की घरात पडून!"

मियाँनी हात मागे घेतला. मान हलवली फक्त.

तेरावं झालं त्या दिवशी मियाँ आले. तेवढ्या दिवसांत म्हातारा वाकला होता. ओटीवर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले. बंदूक भिंतीला टेकवून ठेवली.

"भागोजी, तू म्हणालास ते खरं आहे. माझा हात हलला असणार. मी रोज आठवतो, हात हलला असं वाटत नाही, पण गोळी मागे लागली, म्हणजे हललाच. ही मला घरात नको. खाडीत टाक नाहीतर जाळ. जमलं तर मला माफ कर."

भागोजीने वर बघितलं नाही. मियाँ गेले.

बराच वेळ बंदूक तशीच होती. मग भागोजी उठला. खाडीत टाकायलाच उठला होता. पण हातात घेतल्यावर सवयीने त्याचा अंगठा सांध्यावर फिरला. ऊन लागून लाकूड कोरडं झालं होतं, तरी सांधा तसाच, गच्च. नळीची एक बाजू घासून चमकत होती, आणि समोरच्या लाकडावर तेवढाच काळा वळ उमटला होता. लाकूड लोखंडाला रेटत होतं. होडीत फळी फळीला रेटते ती खूण त्याने हजारदा बघितली होती.

कोनाड्यात वर्तमानपत्र होतं. त्याने एक पट्टी फाडली आणि नळीखाली सारली. बोटभर गेली आणि अडकली. त्याने जोर केला. पुढे जाईना.

दारात तुळशी उभी होती, पोटावर हात ठेवून. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"तुळशे, मियाँचा हात हलला न्हाय गं. मी मारला. माझ्या ह्या हातांनी मारला मी त्याला."

तुळशी हलली नाही. रडलीही नाही. तिचं रडून झालं होतं.

"त्यांनीबी घालून बगितला व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"कागद. बंदूक पुसायला आनलेली ना, त्या सांजेला. हितंच बसून घातला. अडकला तसा मला बोलावून दाखवला. म्हनाले, हवालदार बरोबर बोलतोय."

"मंग बोलला का न्हाय मला?"

"बोलले की. तुमी जेवत व्हता. तुमी ओरडलात."

"आरं, मंग मियाँला तरी..."

"मी म्हटलं, मियाँना सांगा. तर म्हनाले, नको, गावात बाबांची मान खाली जाईल. आदी वाघ पडू दे. मंग मी गुपचूप घासून टाकीन, त्यांना कळायचंबी न्हाय."

भागोजीने पट्टी ओढली. ती फाटली, आणि अर्धी नळीखालीच राहिली.