साळुबाईनं उडी घेतली

त्या सकाळी गोरखच्या घरात भांडण झालं ते टीव्हीवरून. आमची घरं भिंतीला भिंत, त्यामुळं कान न लावताही मला सगळं ऐकू येतं. गोरखनं नवा रंगीत टीव्ही आणला होता, आणि आईनं आता शेतात यायचं नाही, घरात बसून टीव्ही बघायचा, असा त्याचा हट्ट होता.

"आये, साठीला आलीस. आता तरी सुखानं बस की!"

"बसू कशी? बसून बसून बूड दुखाया लागलं माजं. आन् त्या डब्यातल्या बाया निसत्या रडत्यात! अंगभर दागिनं हायेत, चार-चार नोकर हायेत, तरी रडत्यात."

"मग दुसरं च्यानल लाव."

"दुसऱ्यावर बी रडत्यात!"

"मग तुला पायजे तरी काय? काय कमी केलंय मी तुला?"

साळुबाई उठली. कमरेला खुरपं खोचलं आणि तरातरा वरच्या मळ्याकडं निघून गेली. मी दारात दात घाशीत होतो. मला म्हणाली, "चांगद्या, तुज्या घरात टीव्ही आणू नगं." मी मान हलवली. ती मला मावशीसारखी, आणि मी तिला मावशीच म्हणतो.

अर्धा तास गेला असेल. वरच्या मळ्यातून धोंडाबाईची किंकाळी आली.

"धावा रं! साळुबाईनं हिरीत उडी घातली!"

आता हे ध्यानात घ्या, की आमची वाडी बेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर. इथं बाई विहिरीत गेली याचा एकच अर्थ आम्हाला ठाऊक. मी लोटा तिथंच टाकला आणि पळत सुटलो. गोरख माझ्या पुढं. एक पाय चपलीत, एक अनवाणी. कुणी दोर घेतला, कुणी बाज उचलली, कुणी नुसताच ओरडत पळाला. विहिरीच्या कठड्यावर बघता बघता तीस-चाळीस माणूस गोळा झालं.

आत बघितलं तर पाणी हिरवंगार, आणि वर नुसते बुडबुडे.

"उतरा की रं कोणतरी!" म्हातारे कुशाबा काठी आपटत ओरडले.

कुणी हलेना. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की आमच्या अख्ख्या वाडीत एकाही गड्याला पोहता येत नाही. येणार कुठून? आमच्या जन्मापासून ही विहीर कोरडी. उन्हाळ्यात तिच्यात टँकर ओतायचा आणि बायांनी पोहऱ्यानं शेंदायचं. गेल्या दोन वर्षांत डावा कालवा झाला, पाण्याचं आवर्तन सुटायला लागलं, पाझर उतरला, आणि चैताच्या उन्हातसुद्धा वरून पाचव्या पायरीला पाणी उभं राहिलं. पाणी आलं, पण पोहणारं माणूस काही कालव्यातून आलं नाही.

गोरख कठड्यावर आडवा पडला आणि आत तोंड घालून रडायलाच लागला. "आये! मी टीव्ही इकून टाकतो गं! तू वर ये!"

तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात पाणी फुटलं आणि साळुबाईचं डोकं वर आलं. तिनं तोंडातलं पाणी कारंज्यासारखं उडवलं, पदर डोक्याला गुंडाळला, उताणी झाली आणि पाण्यावर अशी पसरली, जशी बाजेवर पडलीय.

"काय रं, एवढी माणसं कशाला?" ती खालून म्हणाली. "मी आपली बुड्या मारतीय. कोण मेलं?"

आम्ही सगळे दगडासारखे उभे. मग मागून सावकाश चालत सयाजीतात्या आले, साळुबाईचे मालक. तंबाखू मळत त्यांनी आत डोकावून बघितलं.

"पवती व्हय? मला वाटलंच."

"तात्या, तुमास्नी ठावं व्हतं?" मी विचारलं.

"आरं, लग्न ठरलं तवाच तिच्या बापानं सांगितलं. घोडनदीच्या काठची पोरगी, माशावाणी पवती. तुमच्या गावाला पाणी हाये ना, म्हनला. माज्या बापानं छातीठोक सांगितलं, हीर बारमाही भरलेली आसती. म्हंजी पोरगी हातची जाऊ नये म्हनून." तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पंचेचाळीस वर्सं थांबली बिचारी. आज इचारत व्हती सकाळी, पाणी किती पायऱ्यांवर आलंय म्हनून."

साळुबाई एकेक पायरी चढून वर आली. निथळत होती आणि हसत होती. इतकं मोकळं तोंड तिचं मी कधी बघितलं नव्हतं.

पण गोरखचं भ्यालेलं काळीज आता तापलं. घरात शिरल्यावर जो सुरू झाला तो दुपारपर्यंत. "वाडीत त्वांड दावायची सोय ठेवली न्हाईस! उद्या बुडली-बिडलीस तर लोक म्हनतील, गोरखनं आईला हिरीत ढकललं!" संध्याकाळी त्यानं बाभळीचे फास, काटेरी फांद्या, तोडून आणले आणि विहिरीच्या पायऱ्यांवर रचून ठेवले. साळुबाईनं खुरपं कोपऱ्यात ठेवलं. टीव्हीपुढं जाऊन बसली आणि रडणाऱ्या बाया बघत राहिली.

चौथ्या दिवशी फास नव्हते. ते काढले गोरखच्या बायकोनं, अश्विनीनं.

ही पोरगी अवसरी खुर्दची, बारावी शिकलेली. माहेरी इंजिनिअरिंग कॉलेजाच्या पोरी मोटरसायकलवर फिरताना बघत वाढली, आणि आमच्याकडं येऊन आठ वर्षं शेण, शेतं आणि भाकरी. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. तिनं हाताला फडकं गुंडाळून एकेक फांदी बाजूला केली, सासूला घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, मला शिकवा."

"ह्या गोल साडीत? पायात आडकून मरशील. माजं जुनं लुगडं नेस. काष्टा घट पायजे."

त्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी आमच्याकडचे सगळे बाप्ये बेल्ह्याला जातात, कुणी बैल बघायला, कुणी नुसता चहा प्यायला. तोच वार दोघींनी धरला. पुढच्या बाजाराला माझी बायको भागू त्यांच्यात गेली. मला सांगितलं, "साळुमावशीकडं शेवाया करायला चालले." मी म्हटलं, जा. तीन बाजार ती शेवयाच करत होती, आणि घरात एक शेवई आली नाही. पेटीतलं तिच्या आईचं लुगडं मात्र दर बाजाराच्या दिवशी वळणीवर वाळायला लागलं.

मग एकदा बेल्ह्यात पारसमलशेठनं मला दुकानात बोलावलं. शेठची तिसरी पिढी इथं, आमच्यापेक्षा गावचं त्यांनाच जास्त माहीत.

"चांगदेवभाऊ, तुमच्या वाडीत कारखाना निघाला काय?"

"कसला?"

"तेलाच्या रिकाम्या डब्यांचा. ज्या बाई येतात त्या पाच किलोचा रिकामा डबा मागतात. वर म्हणतात, बूच घट्ट पाहिजे. आमच्या मंडळींनी, कंचनबाईंनी, तर बारा डबे बाजूला काढून ठेवलेत, वाडीच्या बायकांसाठी म्हणून. मी विचारलं कशाला, तर मला सांगेनात. नुसत्या हसतात."

मला काही उमगेना. गोरखही बरोबर होता, त्यालाही नाही. दोघं विचार करत जरा लवकरच घराकडं निघालो. ऊन मी म्हणत होतं. माळावरचा फुफाटा पायाला भाजत होता, आणि वरच्या मळ्याच्या बांधाशी आल्यावर आम्हाला आवाज आला.

हसण्याचा. एक-दोन जणींचा नव्हे, दहा-बारा जणींचा. मध्येच धप्पकन पाण्याचा आवाज, पाठोपाठ पत्र्याचा दणका, मग किंचाळी, आणि पुन्हा हसू. मला डब्यांचा उलगडा झाला. पाठीला डबा बांधून पोरांना पोहायला शिकवतात, तसं.

गोरखनं पायातली चप्पल काढून हातात घेतली. मी म्हटलं, आता हा जातो आणि कुणाला तरी बडवतो. पण तो थांबला. त्या सगळ्या आवाजात एक हसू वेगळं होतं. खळखळून, पोटातून आलेलं, थांबायचं नावच घेईना.

"ही कोण हसती रं?" गोरखनं विचारलं.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला खरंच ओळखू आलं नव्हतं.

"आरं, तुजी बायकू ती."

गोरख तिथंच बांधावर बसला. विहिरीकडं पाठ करून. मीही बसलो. चप्पल तशीच त्याच्या हातात होती.

"आठ वर्सं झाली, चांगद्या," एवढंच म्हणाला.

विहिरीवर त्या दिवशी काय चाललं होतं ते भागूनं मला नंतर सांगितलं. धोंडाबाई प्रत्येक बाजाराला यायची, पण वर कठड्यावर बसायची. खाली उतरायची नाही. तिची धाकटी बहीण सासरी अशाच एका विहिरीत गेली, त्याला वीस वर्षं झाली. त्यानंतर धोंडाबाईनं कुठल्या विहिरीत वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. साळुबाईनं उडी घेतली त्या दिवशी ती निव्वळ योगायोगानं जवळ होती.

त्या दुपारी मात्र ती आपली आपण उठली. पाच पायऱ्या उतरली, सहाव्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि भिंतीचा दगड सोडेना. कुणी चेष्टा केली नाही. साळुबाईनं डबा बांधला, पाठीखाली हात दिला, तिला उताणी केली. धोंडाबाई आभाळाकडं बघत तरंगायला लागली. तोंडात राम-राम, डोळ्यांतून पाणी.

"साळुबाई," ती म्हणाली, "माज्या भैनीनं हे आभाळ कधी असं बघितलंच नसंल गं."

साळुबाईनं हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पाय हाण, धोंडे. जोरात हाण."

धोंडाबाईनं जो पाय हाणला, तो बसला भागूच्या नाकावर. भागू पालथी, तिच्या धक्क्यानं आणखी दोघी पालथ्या, आणि आम्ही जे ऐकलं ते हसू तिथून उठलं.

पण आवाज बांधावर थोडाच थांबतो? रस्त्यानं जाणारे टेम्पोवाले थांबून विचारायला लागले, लग्न हाये का. शेवटी कुशाबांनी मारुतीच्या देवळापुढं माणसं बोलावली. बायकाही आल्या, एका बाजूला बसल्या. सगळ्याजणींचे केस ओले.

"मला सरळ इचारायचंय," कुशाबा म्हणाले, "वाडीच्या बायका भर दुपारी हिरीत खिदळत्यात, ही काय पद्धत झाली? कशापायी एवढं हसू येतंय, मी म्हनतो?"

"तुमास्नी ठावं न्हाई?" साळुबाईनं विचारलं.

"न्हाई!"

"मग कसं सांगावं बाबा," साळुबाई म्हणाली. "लई कठीण हाये."

बायका तोंडात पदर घालून हसल्या. कुशाबा आणखीनच लाल. "गोरख, हीर तुजी. तू बोल. जाळी मारून टाक वरनं!"

सगळे गोरखकडं बघायला लागले. अश्विनी खाली मातीत रेघोट्या ओढत होती. गोरख उठला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"जाळी न्हाई मारायची," तो म्हणाला. "मी पायऱ्यांना साखळी लावनार हाये. धराया. धोंडाबाईचा पाय घसरतो, आसं ऐकलंय. आन् बाजाराच्या दिवशी वरच्या मळ्याकडं एका बी बाप्यानं यायचं न्हाई. आला तर माज्याशी गाठ हाये."

इतकं बोलून तो खाली बसला. अश्विनीच्या रेघोट्या थांबल्या होत्या.

मग मागून माझ्याच तोंडून निघून गेलं, "मग आमी कवा?"

"काय कवा?" कुशाबा गरजले.

"पवाया. आमी काय पाप केलंय? उकाडा काय बायांनाच हाये का?"

एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. शेवटी कुशाबा घसा खाकरून म्हणाले, "तसं बघाया गेलं तर... शिकवनार कोण?"

सगळ्यांनी साळुबाईकडं बघितलं. तिनं एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बेस्तरवारी. डबा ज्यानं त्यानं आनायचा. आन् मी सांगन तसं करायचं, मधी बोलायचं न्हाई."

त्या बेस्तरवारी तेरा गडी पाठीला डबे बांधून विहिरीवर उभे राहिले. अंगात बंडी, खाली विजार, आणि पाठीवर शेंगतेलाचा डबा. बायका कठड्यावर रांगेनं बसलेल्या. त्यांनी पाठ करायची असं ठरलं होतं, पण एकीनंही केली नाही. कुशाबा पहिले उतरले आणि पाणी गार आहे म्हणून लगेच वर आले. मग गोरखचा नंबर लागला.

साळुबाईनं त्याला उताणा केला. अडतीस वर्षांचा बाप्या, डोळे गच्च मिटलेले, हातपाय ताठ, ओठ घट्ट.

"आये, धरलंयस ना?"

"धरलंय."

"सोडू नगं हां!"

"न्हाई सोडत बाबा."

असं म्हणत ती हळूच बाजूला झाली, पाण्यातून चार हात मारून पायरीशी आली आणि सयाजीतात्यांच्या शेजारी जाऊन बसली. तात्यांनी तिला मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. ती शेंगा फोडून खायला लागली.

विहिरीच्या मधोमध गोरख एकटा तरंगत होता. "आये, धरलंयस का?"

"धरलंय रं!" साळुबाईनं पायरीवरून सांगितलं, तोंडात शेंगदाणा.

आम्ही बाकीचे बारा गडी आणि वरच्या सगळ्या बायका श्वास धरून बसलो. अश्विनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, खांदे गदगदत होते. कुशाबांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"आये, तुजा आवाज लांबनं का येतुय?" गोरखनं डोळे मिटूनच विचारलं.

तिथं कुशाबा फुटले. मग आम्हाला कुणालाच आवरलं नाही.