कवेलूवरचा दात

निळी खुर्ची. भिंतीवर दात घासणारा जिराफ. बैलगाडीभर कवेलू. घट्ट मिटलेले ओठ. आणि एक उंदीर, जो या दवाखान्यात कुणालाच दिसत नव्हता.

"वर्षा, आ कर बरं," लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर उज्ज्वला पुन्हा म्हणाल्या.

वर्षानं नकारार्थी मान हलवली. गाल लिंबासारखा सुजलेला, कालपासून पोटात दुधाशिवाय काही नाही. देवसिंगनं नातीच्या तोंडाशी कान नेला.

"काहून वो माय?"

"किडका दात काढला तं टाकाचा कुठी? आपल्या घरी आता स्लॅब हाय, दादा. तिथं उंदीर येत नाही. मंग नवा दात कोण देईन?"

डॉक्टर हसल्या नाहीत. देवसिंग जिराफाकडे पाहत राहिला. उंदराचं पोरीला त्यानंच सांगितलं होतं. त्याच्या लहानपणीचं तांड्यावरचं घर, उतरतं कौलारू छप्पर, अंगणात उभी आई: 'जोरानं फेक!' दात कवेलूंवरून खडखडत घरंगळायचा, कुठंतरी अडकायचा, आणि आई टाळी वाजवायची.

"आपले कवेलू बोरीले हायेत," तो म्हणाला. "एका बाईनं ढोराच्या कोठ्यासाठी नेले. जाता जाता टाकू."

वर्षानं त्याला नीट निरखलं. मग तोंड उघडलं.

बोरी अरबला ते एसटीतून उतरले. तिच्या गालात कापसाचा बोळा, मुठीत दाताची डबी. गल्लीमागून गल्ली, पत्रे, स्लॅब, पुन्हा पत्रे.

"दादा, रस्ता भुलले का?"

"गल्ल्याच बदलल्या, माय."

अखेर एका गोठ्यावर कवेलू दिसले. शेण भरणारी बाई कंबर सरळ करत उठली.

"काय पाह्यता, बाप्पा?"

देवसिंगच्या आधी वर्षाच बोळ्याआडून बोलली, "हे आमचेच कवेलू हायेत ना? दात टाकाचा हाय."

बाईनं सुजलेला गाल पाहिला, डबी पाहिली. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

"तुमचेच तं हायेत," बाई म्हणाली. "गाडी भरून आणले आम्ही. फेक, जोरानं फेक!"

दात खडखडला, घरंगळला, दोन कवेलूंच्या खाचेत अडकला. बाईनं शेणाच्या हातांनी टाळी वाजवली.

देवसिंगच्या घरचे कवेलू मागच्या उन्हाळ्यात फोडून नव्या फरशीखालच्या भरावात टाकले होते.